बोट पाण्यात असताना

मुरुड, कोळीवाडा
२५ एप्रिल २०२५

चि. रचना,

मावशीचा आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, इथं कुणी गेलेलं न्हाय. तू तीनदा फोन केलास आणि तीनदा मी कापला, म्हणून तुझी आई मला शिष्ट म्हणाली असेल. म्हणू दे. आपला निकेश नेव्हीत बोटीवर, आणि टीव्हीवर सीमेच्या बातम्या सुरू झाल्यापासून मी फोन फक्त पोरासाठी मोकळा ठेवलाय. त्याचा फोन यायला आणि मी तुझ्याशी सिनेमाच्या गप्पा मारीत बसायला एक गाठ पडली तर? बँकवाल्या पोरीला कापते, गॅसवाल्याला कापते, तर तू कोण मोठी लागून गेलीस. बोलायचं असेल ते लिही. सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर तुझ्यापेक्षा बरं हाय.

तू सोमवारी काशीदचा किनारा बघायला येणार असं तुझ्या आईनं शेजारच्या सोनूबाईच्या फोनवर सांगितलं. लढाईचा सिनेमा काढताय म्हणे. काढा. खरी लढाई उंबऱ्यावर आली तरी तुमची खोटी संपत न्हाय.

आलीस की माझं एक काम करून जा. गावदेवीला कौल लावायचाय आणि मला देवळात पाय ठेवता येत न्हाय. दिराच्या घरी नात झाली, दहा दिवस सोयर आलं. तू माझ्या बहिणीची, तुला सोयर लागत न्हाय. शिवदास गुरवाकडं जायचं आणि म्हणायचं, "कोकिळामावशीच्या मनात हाय त्याचा कौल लावा." एवढंच. काय मनात हाय ते तू विचारायचं न्हाय, तो बी विचारणार न्हाय. तो देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या लावील. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर न्हाय. बघायचं आणि मला येऊन सांगायचं.

तू देव मानत न्हाईस हे ठाऊक हाय मला. कळी पडायला तुझ्या मानण्याची गरज न्हाय.

येताना पनवेलहून काही आणू नकोस. मागच्या खेपेचा केक मांजरानं खाल्ला.

तुझी,
कोकिळामावशी


कांदिवली, मुंबई
२ मे २०२५

प्रिय मावशी,

नमस्कार. नीट पोचले. सुक्या सोड्यांची पिशवी बसमध्ये मांडीवर घेतली होती, शेजारचा माणूस अलिबाग यायच्या आत उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. घरी मात्र दोन दिवसांत फडशा पडला.

निघताना कौलाचं परत विचारलंस म्हणून परत सांगते. उजवाच. तू ओट्यावर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होतीस, तेव्हा मी इतकी घामाघूम का झाले होते म्हणून तुला शंका आली असेल. ऊन होतं गं. देवळापासून चालत आले. गुरवकाका काही फार बोलले नाहीत. "दिला गो, दिला. जा, सांग तिला," म्हणाले आणि मला अख्खा नारळ दिला. तो मी बसमध्ये विसरले, रागावू नकोस.

आता माझं काम. आमच्या सिनेमात एका युद्धनौकेवरच्या मुलांची गोष्ट आहे. मी तिथं दिग्दर्शक हितेश सरांची सहायक, म्हणजे ते ओरडतात आणि मी धावते. त्यात एका मुलाची आई कोकणातली आहे. तिचा मुख्य प्रसंग असा: युद्ध सुरू झालंय, मुलाची काही खबर नाही, ती देवळात जाते, वादळ सुटलंय, सगळ्या समया विझतात, एकच राहते. ती रडत देवीला विचारते, "माझा मुलगा परत येईल का?" मग कौल. उजवी कळी पडते, देवळातल्या घंटा आपोआप वाजायला लागतात, आणि तिकडे समुद्रात क्षेपणास्त्र नौकेला चुकवून जातं.

हे सर मला वाचून दाखवत होते तेव्हा मला तू दिसत होतीस. म्हणून विचारते. अशा दिवसांत तू खरंच काय करतेस? देवाशी काय बोलतेस? भीती वाटते तेव्हा ती कुठे ठेवतेस? खरं लिही. सिनेमासाठी विचारतेय, पण नुसतं सिनेमासाठी नाही.

काकांना नमस्कार. निकेशचा फोन आला का?

तुझी,
रचना


मुरुड
६ मे २०२५

चि. रचना,

तुझा सिनेमा मी सोनूबाईला वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिच्या हातची बोंबलाची पाटी सांडली. बाई गो, आमच्या देवळात घंटा आपोआप वाजली तर आम्ही आधी माकड शोधतो.

या सिनेमांतल्या आया मला कवाच कळल्या न्हाईत. पोराला गोळी लागायची असली की हिच्या हातून कुंकवाचा करंडा पडतो. दिवा विझतो. फोटो भिंतीवरून खाली येतो. आमच्याकडं रोज काहीतरी पडतं. काल बरणी पडली, परवा मीच पडले ओट्यावरून. दर वेळेला पोराचा जीव धोक्यात हाय असं धरलं तर आम्ही कामं कवा करायची? आणि त्या बाया रडत देवापुढं पदर काय पसरतात! मी तर देवीशी भांडते. सकाळी अंगणातून देवळाच्या दिशेनं तोंड करते आणि म्हणते, "बाये, पोर तुझ्या पाण्यात हाय. माझ्या घरातनं गेला तवा मी त्याला जेवू घालून पाठवला. आता तुझी पाळी." मग सुकट पसरायला जाते. सुकट पलटायची, कावळे हाकलायचे, खडे वेचायचे. भीती कुठं ठेवते विचारतेस, तर ती कुठं ठेवायला जागा न्हाय, ती कमरेला खोचूनच फिरते मी. हात रिकामा राहिला की ती वर चढते.

तुझे काका उलटे. सकाळी बंदरावर बोट बघून आले की टीव्हीसमोर बसतात आणि लढाईचे सिनेमे लावतात. आवाज एवढा की सोनूबाईची कोंबडी अंडं घालीना. मी एकदा रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला. मग माझ्या ध्यानात आलं, हे सगळे जुने लावतात, दहा-दहा वेळा बघितलेले. नवीन लागला की चॅनल बदलतात. मी विचारलं तर म्हणाले, "याच्यात कोण वाचतो ते ठाऊक हाय मला." मी गुमान चहा ठेवला. देवळात न जाणाऱ्या माणसाचा तो जप असेल.

निकेशचा फोन ३ तारखेला आला. म्हणाला, आई, आता काही दिवस फोन लागणार न्हाय, काळजी करू नकोस. काळजी करू नकोस म्हणणाऱ्याला काय जातं.

आणि तुझ्यामुळं माझं एक मोठं काम मार्गी लागलं. तू उजवा कौल आणलास, मी दुसऱ्या दिवशी मोरू गवंड्याला बोलावलं. मागच्या अंगणात निकेशसाठी खोली काढलीय. जोतं झालं, दोन बाजूंच्या भिंती कमरेएवढ्या आल्या. मोरू एरवी दिवाळीला हो म्हणतो आणि होळीला येतो, पण या वेळेला हजर. मी दिवसातनं तीनदा भिंतींवर पाणी मारते. तुझे काका म्हणतात, भिंतीला सर्दी होईल.

देवीनं हो म्हटलं म्हणून हिंमत झाली बघ. न्हायतर अशा दिवसांत कोण बांधकामाला हात घालतो?

तुझी,
मावशी


कांदिवली
९ मे २०२५

प्रिय मावशी,

काल रात्रीपासून तुला बारा फोन केले. बाराही तू कापलेस. म्हणून हे लिहितेय, स्पीड पोस्टानं टाकतेय. बसून वाच.

मी तुझ्याशी खोटं बोलले. कौल उजवा नव्हता. डावी कळी पडली.

मी अगदी समोर उभी होते. गुरवकाकांनी कळ्या लावल्या, पाणी शिंपडलं, आणि पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. मी मनात म्हणत होते, हे सगळं ओलेपणाचं आणि वजनाचं गणित आहे. मग डावीकडची सुटली आणि खाली देवीच्या पायाशी पडली. उजवी जागची हललीसुद्धा नाही. मी दोन पावलं मागे सरले, ते काही गणित नव्हतं गं. गुरवकाकांनी नारळ हातात दिला तेव्हा मला वाटलं, कीव करून देतायत. तो नारळ मी विसरले नाही, मुद्दाम बसमध्ये ठेवून उतरले. घरी न्यायचा धीर झाला नाही.

रस्ताभर ठरवत होते, खरं सांगायचं. ओट्यावर तू उभी होतीस. तू काही विचारलंही नाहीस, नुसती बघितलंस. माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवा." तुझा चेहरा असा काही उजळला की मागे फिरायची सोय राहिली नाही.

वाटलं होतं, एक शब्द आहे, तुला चार दिवस बरं वाटेल. आणि तू त्या शब्दावर खोली बांधायला घेतलीस! तुझ्या पत्रातलं जोतं वाचलं आणि मी जेवण टाकून उठले. इथं परवा सगळीकडे भोंग्याची तालीम झाली, दिवे बंद करायला सांगितले. आमच्या इमारतीतली मुलं गच्चीवर जाऊन आकाशाचे व्हिडिओ काढत होती. काल सेटवर हितेश सर खोट्या स्फोटाचा आवाज लावून बघत होते, मी ओरडून खालीच बसले. सगळे हसले. मी दिवसभर खोटं युद्ध बघते आणि घरी येऊन खरं लावते, आणि दोन्हींत निकेशच दिसतो.

मी देव मानत नाही. मग एका कळीला मी इतकी का घाबरते? आणि मानत नाही तर तुला खरं सांगायला काय झालं होतं? तू चिड, शिव्या दे, पण उत्तर दे. मोरूला थांबवायचं तर थांबव. मला माफ कर.

रचना


मुरुड
१५ मे २०२५

रचने,

सोमवारी दुपारी तुझं पत्र आलं. तू म्हणालीस बसून वाच, मी उभ्यानं वाचलं, भिंतीवर पाणी मारता मारता. दुसऱ्या ओळीला पाइप हातातनं गेला. मोरूच्या पायावर पाणी, तो ओरडतोय, आणि मला त्याचं तोंड हलताना दिसतंय, ऐकू काही येत न्हाय.

तुला शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू, भरपूर दिल्या. तुझ्या आईला पण दोन. मोरूला सांगितलं, आज पुरे, घरी जा. तो म्हणाला, मावशी, माल कालवलाय. मी म्हटलं, तो पण घेऊन जा.

मग खोलीत जाऊन बसले. खोली कसली, चार भिंती आणि वर आभाळ. लढाई थांबली म्हणून टीव्हीवर सांगून दोन दिवस झाले होते. सोनूबाईच्या भाच्याचा फोन आला, तो लष्करात. तिनं साखर वाटली, मी पण खाल्ली. आपल्या फोनवर काही न्हाय. तिथं बसून मी हात जोडायला गेले तर जोडवेनात. देवीशी भांडायला गेले तर शब्द न्हाय. एवढी वर्षं मी तिला ऐकवते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हिनं काही बोलू नये, गप्पच राहावं. तुझे काका आले, बघितलं, शेजारी विटांवर बसले. टीव्ही बंद करून आले होते.

दिवे लागणीला मी उठले. म्हटलं, न्हाय तर न्हाय, पण तिच्या तोंडावर विचारते. सोयर कवाच फिटलं होतं. देवळात गेले. शिवदास समईला तेल घालीत होता. मी म्हटलं, "शिवदासभाऊ, देवीनं मला डावा दिला आणि तुम्ही नारळ दिलात? डाव्या कौलाला नारळ देतात कवापासून?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "डावा कुणी सांगितला तुला? उजवा दिला. मी त्या पोरीला म्हटलं, दिला गो, दिला. न्हाय झाला असता तर दिला म्हटलं असतं का?"

"पोरगी म्हणते डावी कळी पडली."

"पोरगी कुठं उभी होती?"

"देवीसमोर."

"मग डावा हात कुणाचा? पोरीचा का देवीचा?"

रचने, येडे, गाढवे! कौल देवी देते, उजवा देवीचा. ती तुझ्याकडं तोंड करून बसलीय. तिचा उजवा खांदा तुझ्या डाव्या हाताला येणार. इथलं शेंबडं पोर पण सांगील. आणि "दिला" म्हटलं की हो, हे पण मीच शिकवायचं? पनवेलच्या शाळेत काय शिकलीस तू? तुला वाटलं तू खोटं बोलतेस, आणि तोंडातनं निघालं खरं. असं खोटं बोलायला सुद्धा नशीब लागतं.

मी देवळात खाली बसले आणि हसायला लागले, आणि मग रडायलाच लागले, आवरेचना. शिवदास घाबरला, त्यानं घंटा वाजवली. माकडानं न्हाय हां, शिवदासनं.

आता दुसरं ऐक, कारण हे तुझ्या सिनेमाला लागेल. तुला काय वाटलं, मी काय विचारलं होतं? निकेश परत येईल का, हेच ना? न्हाय गो. ते कुणीच विचारत न्हाय. बोट पाण्यात असताना तिचा कौल लावायचा न्हाय, अशी आमच्या वाड्याची रीत हाय. माझ्या सासूनं मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगितलं. बोट निघायच्या आधी विचार, जाऊ का न्हाय. आली की विचार, काय चुकलं. पण पाण्यात असताना विचारलंस आणि डावा आला, तर तू काय करशील? पोहत जाशील? जे आपल्या हातात न्हाय ते देवीला विचारून तिची आणि आपली पंचाईत करायची न्हाय. हातात हाय तेवढंच विचारायचं.

म्हणून मी विचारलं होतं, "पोरासाठी खोली बांधू का?" बस. पावसाआधी पत्रे पडायला हवेत, मोरू दुसरीकडं निघाला होता, म्हणून दहा दिवस थांबायला वेळ नव्हता. तुला सांगितलं न्हाय, कारण तू म्हणाली असतीस, "मावशी, यात देवीला काय विचारायचं, इंजिनियरला विचार."

तरी खरं सांगते. विचारलं होतं खोलीचं, पण तुझं पत्र वाचलं तवा माझं मन खोलीवर थांबलं न्हाय. "बांधू नको" म्हणजे राहणारा कोण, इथंच गेलं. सासूची रीत चाळीस वर्षं पाळली आणि एका दुपारी पाण्यात बुडाली. देवावर विश्वास हाय म्हणून भीती वाटत न्हाय असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडं पाठव.

मोरू दुसऱ्या दिवशी परत आला. कालवलेला माल वाया गेला म्हणून अजून फुगलाय. भिंती माझ्या डोक्याच्या वर गेल्या.

फोन अजून न्हाय.

तुला माफ केलं. पण बसमध्ये ठेवलेल्या नारळाबद्दल देवीकडं स्वतः येऊन बोल.

तुझी,
मावशी


कांदिवली
२० मे २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. "पोरीचा का देवीचा" इथं आले आणि मोठ्यानं रडले. वॉचमननं पाणी आणून दिलं, त्याला वाटलं नोकरी गेली. इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. मग दहा मिनिटांनी बुद्धी परत आली आणि म्हणाली, बाई, तू तर मानत नाहीस! म्हटलं, नंतर बघू, आधी रडू दे.

दुसरी गंमत. आमच्या सेटवर कौलाच्या प्रसंगाची तालीम पाच दिवस चालली होती आणि पाचही दिवस आम्ही चुकीची कळी पाडत होतो. म्हणजे क्षेपणास्त्र चुकतंय, घंटा वाजतायत, आई आनंदानं रडतेय, आणि कोकणातलं अख्खं थिएटर म्हणणार, अरेरे, गेला पोरगा. मी सांगितल्यावर कलादिग्दर्शक डोकं धरून बसला.

मग मी धीर करून हितेश सरांना तुझी बोट पाण्यात असतानाची रीत सांगितली. म्हटलं, ही आई तो प्रश्न विचारणारच नाही, ती विचारेल, खोली बांधू का. सर भडकले. "प्रेक्षकाला एकच प्रश्न पडलेला असतो, मुलगा येणार की नाही. तिथं ही बाई बांधकामाचं काय काढतेय?" मी वही मिटली, माझं पद तेवढंच. पण आईचं काम करणाऱ्या वेणूताई तिथेच मेकअपला बसल्या होत्या. सत्तरीच्या आहेत, सहसा कुणाच्या मधे पडत नाहीत. त्यांचा थोरला भाऊ लष्करात होता. त्या म्हणाल्या, "हितेश, प्रश्न प्रेक्षकाला पडू दे. तो पडलाय म्हणूनच बाईनं तोंडातून काढायचा नाही. माझी आई त्या दिवसांत भावाच्या स्वेटरची लोकर मोजत होती." सरांनी त्यांना विचारलं नाही की भाऊ आला का. कुणीच विचारलं नाही.

काल तो प्रसंग घेतला. वादळ नाही, घंटा नाही. वेणूताई पदरानं हात पुसत गुरवाला म्हणतात, "खोली बांधू का, एवढंच विचार." कळी पडते, देवीच्या उजवीकडची. त्या "बरं" म्हणतात आणि निघतात, त्यांना गवंडी गाठायचा असतो. सर "कट" म्हणायला विसरले. वेणूताई चालत चालत सेटच्या बाहेर गेल्या, तरी कॅमेरा सुरूच.

हे सगळं लिहितेय खरं, पण मला विचारायचं आहे एकच, आणि तुझ्या रीतीप्रमाणे विचारत नाही. खोलीचं कुठवर आलं तेवढं सांग.

तुझी,
रचना


मुरुड
२८ मे २०२५

चि. रचना,

सोमवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. सवयीनं माझं बोट कापायच्या बटणावर गेलंच होतं! तुझ्या काकांनी झडप घालून फोन हिसकला. महिनाभर ज्याच्यासाठी सगळ्यांचे कापले, त्याचाच कापला असता.

निकेश होता. सुखरूप हाय. सगळे हायत. बोट बंदराला लागली, मित्राच्या फोनवरून बोलत होता, रांगेत दहा पोरं उभी होती.

एवढ्या दिवसांत मी त्याला काय काय बोलायचं ठरवलं होतं. आणि तोंडातनं निघालं काय, तर "जेवलास का?" तो म्हणतो, "आई, सकाळचे साडेसात वाजलेत." मी म्हटलं, मग चहा? काका बाजूला उभे, त्यांना बोलायचं होतं, पण फोन कानाला लावला आणि नुसते "हां, हां" करीत राहिले. तिकडून पोरगा पण "हां, हां." बापलेक मिळून दहा वेळा हां म्हणाले आणि फोन परत माझ्याकडं आला.

मग मी खोलीचं सांगितलं. चार भिंती झाल्या, पत्रे पडले, आता गिलावा. मग म्हणाला, "माझ्यासाठी? आत्ता? या दिवसांत तू बांधकाम काढलंस?" मी म्हटलं, व्हय, मग कवा काढू, तू म्हातारा झाल्यावर? तेव्हा हसला. तसाच हसतो अजून, नाकातनं.

म्हणाला, "खिडकी कुठल्या बाजूला?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, समुद्राच्या. मोरू नको म्हणत होता, खारं वारं येईल म्हणून, पण मी हट्टानं ठेवली. पोराला झोपल्या झोपल्या पाणी दिसावं. तर हा म्हणतो, "आई, गेले कित्येक दिवस डोळे उघडले की पाणी, मिटले की पाणी. मला डोंगर दिसू दे गो. एक तरी झाड दिसू दे. आणि मी पंधरा दिवसांनी येतोय, रजा मिळालीय."

पंधरा दिवसांनी येतोय, रचना! मी तुला हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण माझा स्वतःचा विश्वास बसेपर्यंत इतक्या ओळी गेल्या.

मोरूला सांगितलं, समुद्राची खिडकी बुजव आणि डोंगराच्या बाजूची भिंत फोड. तो थापी टाकून उभाच राहिला. "मावशी, महिनाभर पाणी मारून लोखंड केलीस ती भिंत. आता फोडायची? हे आधी विचारायला काय झालं होतं पोराला?" मी म्हटलं, आधी विचारायची सोय नव्हती. आता हाय. फोड.

तो कुरकुरत पहार शोधायला गेला. तेवढ्यात आतनं धाडकन आवाज आला. बघते तर तुझे काका. घरातला घण घेऊन आले होते आणि एकटेच भिंतीवर तुटून पडले होते. चांगली, ओळंब्यात उभी केलेली भिंत, विटा पडतायत, धूळ उडतेय, आणि हा माणूस खोकतोय आणि हसतोय. चार घावांत बिळाएवढं भोक पडलं आणि त्यातनं पलीकडचं फणसाचं झाड दिसायला लागलं. सोनूबाई धावत आली, तिला वाटलं आमची भांडणं लागली.

मी पदर खोचला आणि ओरडले, "अवो, सगळी तुम्हीच पाडणार का? द्या इकडं, मला पण दोन मारू द्या."

तुझी,
मावशी